पाच मुक्कामांचा दवाखाना

ज्येष्ठ महिना संपत आलेला असतो. आकाशात आषाढाच्या ढगांची ये-जा सुरू झालेली असते. परंतु बारामती-इंदापूरच्या माळावर ते बरसतीलच असा भरवसा कोणी देत नाही. सह्याद्री ओलांडताना ढगांचे ओझे हलके होते आणि पुणे जिल्ह्याच्या या पूर्वेकडील तालुक्यांच्या वाट्याला बहुधा वारा व धूळच येते. अशा दिवसांत एके सायंकाळी बारामती शहराचे सारे रस्ते एकाच दिशेला वाहू लागतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून निघालेली संत तुकाराम महाराजांची पालखी गावात येत असते. कऱ्हेकाठचे हे गाव कवी मोरोपंतांचे. त्यांच्या जन्माआधीच, म्हणजे 1685 साली, तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी हा पालखी सोहळा सुरू केला, असे सांगतात. 2020 आणि 2021 या दोन वर्षी करोनाच्या साथीमुळे वारकरी पायी चालले नाहीत, पादुका एस. टी. बसने पंढरीस गेल्या. 2022 पासून वाट पुन्हा भरून वाहू लागली.

शारदा प्रांगणात पालखी विसावते, आणि तिच्याभोवती घटकाभरात एक गावच वसते. राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात, पाण्याचे टँकर येऊन उभे राहतात. या गावाला सारे काही लागते. त्याला दवाखानाही लागतो. म्हणून दरवर्षी जिल्ह्याच्या निरनिराळ्या आरोग्य केंद्रांतून डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते आणि आरोग्यसेवक यांना थोड्या दिवसांसाठी वाटेवर पाठवतात. पालखी जिल्ह्याबाहेर पडली की त्यांचे काम संपते आणि जो तो आपल्या गावी परत जातो.

अशाच एका वर्षी जुन्नरच्या डोंगरी भागातील एका आरोग्य केंद्रातून एक तरुण डॉक्टरबाई बारामतीस आल्या. शिक्षण पुरे होऊन त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. नेमणूक पाच मुक्कामांची होती: बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी. लाखो माणसांचा मेळा, तेव्हा क्षणाक्षणाला जिवावरचे प्रसंग येणार, आपल्या विद्येची कसोटी लागणार, अशी काहीशी कल्पना मनाशी बाळगून त्या आल्या होत्या. तंबूत टेबल मांडले गेले, कंदिलासारखा एक दिवा टांगला गेला आणि रांग पुढे सरकू लागली. पाहतात तो काय, समोर पायच पाय!

फोड आलेले पाय, भेगाळलेले पाय, काटा मोडलेले, चपलेच्या अंगठ्याने सोलवटलेले, गुडघ्यापासून सुजलेले पाय. एक पाय पुसून पट्टी बांधावी तो दुसरा पुढे यावा. पहिल्या तासातच बाईंचा उत्साह मावळला. एका म्हातारीच्या टाचेवरचा मोठा फोड त्यांनी फोडला आणि वरचे कातडे कापून टाकण्यासाठी कात्री उचलली, तोच शेजारी बसलेले आरोग्यसेवक हलकेच म्हणाले, "मॅडम, कातडं राहू द्या. उद्या तिला सणसरपर्यंत चालायचंय."

हे गृहस्थ निवृत्तीला आलेले होते आणि कित्येक पालख्या त्यांनी पाहिल्या होत्या. त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. फोडावरचे कातडे ही निसर्गाने बांधलेली पट्टीच होय. निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी तेवढे काढावे आणि कातडे जागच्या जागी दाबून वर स्वच्छ पट्टी बांधावी. ते सोलून काढले तर आतली कोवळी त्वचा उघडी पडते आणि पुढच्या प्रत्येक पावलाला आग होते. पुस्तकात हे बाईंनी वाचलेले होते. परंतु वाचलेले योग्य वेळी आठवणे ही वेगळीच विद्या आहे, आणि ती परीक्षेच्या खोलीत शिकवता येत नाही.

पट्टी बांधून झाली की म्हातारी उठली आणि चटकन वाकून बाईंच्या पायांवर डोके ठेवती झाली. बाई दचकून मागे सरल्या. "अहो आजी, हे काय!" म्हातारी हसली. "तू माझ्या पायाला हात लावलास ना, माऊली? मग मी लावला तर काय झालं?" वारीत लहान-थोर सारेच एकमेकांच्या पाया पडतात, ही रीत बाईंना ठाऊक नव्हती. पुढे पाच दिवसांत त्यांची तिच्याशी चांगलीच ओळख झाली.

मध्यरात्र उलटून गेली तरी रांग संपेना. त्या वेळी एक वृद्ध वारकरी पुढे आला. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, गळ्यात तुळशीची माळ, वय सत्तरीच्या आसपास. पाय त्याचे धडधाकट होते. "पित्ताची गोळी द्या, लेकी. छातीत जळजळतंय," तो म्हणाला. वारीत अवेळी जेवण, तिखट आमटी आणि जागरण. तेव्हा पित्ताची तक्रार घेऊन येणारा तो काही पहिला नव्हता. मागे तीस-चाळीस माणसे ताटकळत उभी होती. बाईंनी गोळ्या दिल्या, पाणी भरपूर प्या असे सांगितले आणि पुढच्या माणसाकडे नजर वळवली. वृद्धाने नमस्कार केला आणि तो अंधारात दिसेनासा झाला.

पहाटे रांग ओसरली. बाई तंबूबाहेर आल्या, तर ते आरोग्यसेवक एका टँकरपाशी उभे होते. काचेच्या लहानशा नळीत त्यांनी टँकरचे पाणी घेतले, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. पाण्यावर पिवळसर छटा चढली. "आहे क्लोरीन," असे पुटपुटून ते पुढच्या टँकरकडे वळले. नळी पिवळी झाली नाही, तर त्या टँकरमध्ये औषध पडेपर्यंत त्याची तोटी उघडू द्यायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. पालखी येण्यापूर्वी वाटेवरच्या विहिरींत टी. सी. एल. पावडर टाकलेली असते, हेही तेच पाहत.

हे काम दिसायला क्षुल्लक. त्यात ना सुई, ना शस्त्र. परंतु पंढरीच्या वाटेवर याच्याइतके मोलाचे काम दुसरे नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या पूर्वार्धातही पंढरपूरच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार उद्भवे. दूषित पाणी पोटात जाई, जुलाब व वांत्या होऊन अंगातले पाणी ओसरे आणि धट्टाकट्टा माणूस काही तासांत दगावे. उरलेले भयभीत होऊन गावी परतत आणि रोगाचे बीज स्वतःबरोबर गावोगाव नेत. हे बीज म्हणजे एक सूक्ष्म जंतू आहे, हे रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने 1884 साली कोलकात्यातील आपल्या अभ्यासानंतर निश्चितपणे मांडले. वाल्डेमर हाफकिन यांनी पटकीवर लस तयार केली, 1892 साली पॅरिसमध्ये ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली आणि पुढच्याच वर्षी ते भारतात आले. मुंबईच्या परळ भागातील संस्थेला आज त्यांचेच नाव आहे. पुढे यात्रेकरूंना ही लस टोचण्यात येऊ लागली.

आणखी एका डॉक्टरची आठवण येथे केलीच पाहिजे. 1971 साली बांगलादेशच्या युद्धात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी उसळली. रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, आणि शिरेतून द्यायच्या सलाइनच्या बाटल्या संपत आलेल्या. तेथे काही काळासाठी गेलेले डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण मोठ्या पिंपांतील पाण्यात कालवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच ते पेल्या-पेल्याने पाजायला सांगितले. पुष्कळ तज्ज्ञांचा तेव्हा या उपायावर विश्वास नव्हता. पण शंभरांतले तीसेक रोगी जेथे दगावत, तेथे ते प्रमाण चारांच्याही खाली आले. जलसंजीवनीची जी पुडी आज कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते, तिचा धडा जगाने प्रामुख्याने या छावणीत गिरवला. पुडी जवळ नसेल तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवूनही काम भागते. चमचा मात्र चहाचा हवा, आणि मीठ अंदाजाने टाकता कामा नये.

दुसऱ्या दिवशी पालखी काटेवाडीस पोचली. गावात परीट समाजाच्या लोकांनी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरल्या होत्या. मेंढपाळांनी आपल्या मेंढ्या आणल्या आणि रथाभोवती मेंढ्यांचे रिंगण घातले. पांढऱ्या-काळ्या लोकरीची ती लाट रथाभोवती फिरताना पाहून बाई क्षणभर आपले काम विसरल्या. काम मात्र त्यांना विसरले नव्हते. "डॉक्टर! अहो डॉक्टर!" अशी हाक आली. एक मध्यमवयीन वारकरी रस्त्याच्या कडेला बसून असंबद्ध बोलत होता. हात थरथरत होते, अंग घामाने डबडबले होते. कोणी म्हणाले, ऊन लागले. कोणी म्हणाले, अंगात आले. बाईंनी कपाळाला हात लावला, तर ते थंड होते. उष्माघात झालेल्या माणसाचे अंग भट्टीसारखे तापलेले असते. त्यांनी बोटावर टोचून रक्ताचा थेंब तपासला. साखर फारच उतरलेली होती. सकाळी मधुमेहाची गोळी घेऊन हा गृहस्थ काही न खाताच चालू लागला होता. अजून गिळण्याइतकी शुद्ध त्याला होती, म्हणून ग्लुकोजचे पाणी हळूहळू पाजले. थोड्याच वेळात तो सावध झाला आणि सभोवती जमलेल्या गर्दीला विचारू लागला, "काय झालं? कोण पडलं?" सारे हसले. बाईही हसल्या. आपल्याला आता हे काम जमू लागले आहे, असे त्यांना त्या रात्री सणसरच्या मुक्कामी वाटले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेलवाडीला गोल रिंगण होते. रिंगणाचा सोहळा ज्याने पाहिला नाही, त्याला तो सांगून कळणे कठीण. भल्या मोठ्या मैदानात माणसांचे कडे उभे राहते. मध्ये पालखी असते. प्रथम पताका घेतलेले वारकरी धावतात, मग डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या स्त्रिया, मग गळ्यात वीणा असलेले विणेकरी, आणि सरतेशेवटी अश्व. टाळ-मृदंगांचा गजर टिपेला पोचतो, आणि घोड्यांच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी माणसांची झुंबड उडते.

विणेकरी धावून गेले आणि अश्व सुटले. सर्वांच्या नजरा घोड्यांवर खिळल्या होत्या. बाईंची नजर सहज कडेला गेली, तो एक विणेकरी गुडघ्यांवर बसलेला दिसला. एक हात छातीवर, दुसऱ्या हाताने वीणा जमिनीपासून वर उचलून धरलेली. बाई धावत गेल्या. चेहरा राखेसारखा झाला होता, कपाळावरून घाम निथळत होता. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती.

बाईंच्या काळजात चर्र झाले. "बाबा, बारामतीला तुम्हीच आला होतात ना?"

"व्हय, लेकी. तुमच्या गोळीनं बरं वाटलं व्हतं जरा," वृद्ध कष्टाने म्हणाला. "पित्तच हाय. चढ चढलो की होतं, बसलो की जातं."

चढ चढलो की होते, बसलो की जाते! हे एक वाक्य त्या रात्री विचारले असते तर? 'कधी होते, किती वेळ राहते, हाताकडे किंवा जबड्याकडे जाते का', हे तीन प्रश्न विचारायला अर्धे मिनिटसुद्धा लागले नसते. विचार करायला आता वेळ नव्हता. आरोग्यसेवकांनी रुग्णवाहिका बोलावून घेतलीच होती. 2014 पासून महाराष्ट्रात 108 या क्रमांकावर जी गाडी येते, तिच्यात डॉक्टर असतो आणि तातडीच्या उपचारांची साधनेही असतात. गाडीतील यंत्राने हृदयाचा आलेख काढला. कागदावरची रेघ पाहताच दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिले. हृदयाला रक्त पुरवणारी एक वाहिनी बंद पडत होती. बाईंनी ॲस्पिरिनची गोळी वृद्धाच्या हातावर ठेवली. "गिळू नका, चावून खा," त्या म्हणाल्या; चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. अशा वेळी रोग्याला शक्य तितक्या लवकर मोठ्या रुग्णालयात पोचवणे हाच खरा उपाय. जेवढा उशीर, तेवढा हृदयाचा अधिक स्नायू कायमचा मरतो. असे रुग्णालय बारामतीस होते.

"बारामती?" वृद्धाने मान हलवली. "ती तर मागं राहिली. मी पंढरीकडं पाठ करून जायाचा न्हाई. बत्तीस वर्षं चालतोय. करोनाची दोन सालं सोडली तर खंड न्हाई."

आता काय करावे? बळजबरीने उचलून गाडीत घालावे, तर माणूस धडपडेल आणि हृदयावर आणखी ताण पडेल. समजूत घालत बसावे, तर वेळ जातो. शाळेत, महाविद्यालयात, कोठेही या प्रश्नाचे उत्तर बाईंना कोणी शिकवले नव्हते. त्या वृद्धापुढे मातीत बसल्या. "बाबा," त्या म्हणाल्या, "गोळी देताना मी चुकले. मी नीट विचारलं नाही. आता माझं ऐका. गेलात तर पुढच्या वर्षी मी तुम्हाला याच रिंगणात पाहीन. नाही गेलात तर मला तसं सांगता येणार नाही."

वृद्ध त्यांच्याकडे पाहत राहिला. वाटचालीत वीणा जमिनीवर टेकवायची नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यावाचून आपल्या गळ्यातून काढायची नाही, अशी त्यांच्या दिंडीची रीत होती. एवढा वेळ तो बोलत होता, घाम पुसत होता, पण वीणा त्याने तशीच तोलून धरली होती. दिंडीचे प्रमुख पुढे आले. त्यांनी विशी-बाविशीच्या एका मुलाला खांद्याला धरून जवळ ओढले. "माऊली, वीणा पंढरीला पोचंल. तुम्ही गाडीत बसा." थरथरत्या हातांनी वृद्धाने वीणा गळ्यातून काढली आणि मुलाच्या गळ्यात घातली. मुलाने त्याच्या पायांवर डोके ठेवले. मग कोणी काही बोलले नाही. स्ट्रेचर उचलले गेले आणि गर्दी दुभंगली. हे शिस्तीचे दृश्य पाहण्यासारखे असते; लाखोंच्या मेळ्यात रुग्णवाहिकेसाठी जी वाट मोकळी होते, ती मोठमोठ्या शहरांतही होत नाही. गाडी दिंड्यांच्या उलट दिशेने, बारामतीच्या रस्त्याला लागली.

बाईंना गाडीबरोबर जाता आले नाही. दवाखाना पालखीबरोबर पुढे निघाला होता, आणि पायांची रांग निमगाव केतकीला त्यांची वाट पाहत होती. अशा फिरत्या दवाखान्यात रोगी येतो, तपासला जातो आणि गर्दीत विरून जातो. त्याचे पुढे काय झाले हे डॉक्टरला बहुधा कळतच नाही. त्या रात्री मात्र बाईंनी छातीत जळजळते म्हणणाऱ्या प्रत्येकाला बाकावर बसवले आणि ते तीन प्रश्न विचारले. रांग वाढली. मागून कुरकुरही ऐकू आली. "विचारू द्या, विचारू द्या," आरोग्यसेवक रांगेला सांगत होते. इंदापूरच्या मुक्कामी दुपारी निरोप आला, की बारामतीस रोग्याची बंद वाहिनी मोकळी केली आहे, पण धोका टळला असे अजून म्हणवत नाही.

सराटी हे पुणे जिल्ह्यातील शेवटचे मुक्कामाचे गाव. येथे नीरा नदीत पादुकांना स्नान घालतात. पलीकडचा काठ सोलापूर जिल्ह्याचा. सकाळच्या उन्हात स्नान झाले, पालखी पुलावरून अकलूजच्या दिशेने निघाली. पलीकडे सोलापूर जिल्ह्याचे डॉक्टर आणि त्यांच्या गाड्या आधीच उभ्या होत्या. दिंड्या एकामागून एक पूल ओलांडत होत्या. त्यांत ती दिंडीही आली. वीणा गळ्यात घेतलेला मुलगा बाईंना पाहून थांबला, काही विचारणार असे वाटले. पण मागच्या रांगेचा रेटा आला आणि तो पुढे गेला.

तंबू उतरला. औषधांच्या पेट्या जीपमध्ये चढल्या. जुन्नरला जाण्यापूर्वी बारामतीस घटकाभर थांबूया, असे बाईंनी चालकाला सांगितले.

रुग्णालयात वृद्ध खाटेवर पडून होता. नाकाला नळी, हाताला सुई. चष्मा मात्र उशाशी, दोऱ्यासकट. बाईंना त्याने लगेच ओळखले.

"बाबा, त्या रात्री मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या.

"आन् मी तरी कुठं सांगितलं, लेकी? मला भ्या वाटलं, तुम्ही चालू द्याची न्हाई म्हनून." थोडा वेळ तो छताकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, "पालखी कुठवर गेली?"

"नीरा ओलांडली. आज अकलूज."

वृद्धाने सुई नसलेला हात चादरीबाहेर काढला आणि अंगठा एकेका पेरावर ठेवीत तो हळूहळू मोजू लागला, "अकलूज... मग बोरगाव... मग पिराची कुरोली... मग वाखरी..."